दौंडला गाडी उलटी निघते, पण जाते पुण्यालाच

तारीख ७ मे २०१२. इंग्लंडमधलं ब्लॅकबर्न हे गाव. फुटबॉलचा सामना चालू आहे आणि मैदानात अचानक एक कोंबडी! तीही साधीसुधी नाही, यजमान क्लबचा झेंडा अंगाला गुंडाळलेली. खेळ थबकला, लोक ओरडायला लागले, शेवटी कुणीतरी तिला धरून बाहेर नेलं. त्या दिवशी ब्लॅकबर्न रोव्हर्स हा सामना हरले आणि सलग ११ वर्षं सर्वोच्च श्रेणीत काढलेला हा जुना, मानाचा क्लब खालच्या श्रेणीत घसरला.

तुम्ही म्हणाल, फुटबॉलच्या मैदानात कोंबडीचं काय काम? तर मैत्रिणींनो, त्या कोंबडीचं नातं थेट आपल्या पुणे जिल्ह्याशी आहे. या क्लबचे मालक पुण्याचे. कोंबड्यांच्या धंद्यातलं मोठं नाव, व्यंकीज. चिडलेल्या प्रेक्षकांनी मालकांवरचा राग काढायला ती कोंबडी मैदानात सोडली होती.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बायकांना पोल्ट्री काही नवीन नाही. वस्तीवर शेड, खाली तूस अंथरलेलं, पडदे सोडलेले. एका दिवसाची पिल्लं येतात तेव्हा त्यांना ऊब मिळावी म्हणून रात्र रात्र बल्ब लावून जागावं लागतं. चाळीस-पंचेचाळीस दिवस खाद्य, पाणी, औषध सांभाळायचं. एखाद्या रात्री लाइट गेली किंवा मर लागली की घरादाराच्या तोंडचं पाणी पळतं. कागदावर नाव घरधन्याचं असलं तरी पिल्लांपाशी कोण जागतं, हे आपल्याला ठाऊक आहे! हा धंदा आपल्याकडे एवढा पसरला, त्यात डॉ. बी. व्ही. राव यांचा मोठा वाटा. १९७१ मध्ये त्यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. अंड्याला नीट भाव मिळावा म्हणून १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकारानं. १९९६ मध्ये ते गेले आणि उद्योगाची धुरा त्यांच्या कन्या अनुराधा देसाई यांच्याकडे आली. याच घराण्यानं १९ नोव्हेंबर २०१० रोजी सुमारे २ कोटी ३० लाख पौंड मोजून ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. १८७५ साली स्थापन झालेला, १९९५ साली इंग्लंडचा विजेता ठरलेला क्लब, आणि त्याच्या मालकीणबाई पुण्याच्या! तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांतही याच्या बातम्या झळकल्या होत्या.

माझा धाकटा मुलगा फुटबॉलवेडा. त्याच्यामुळे हे सगळं आमच्या घरात बोललं जायचं. पण माझं लक्ष गेलं ते मालकांकडे नाही आणि कोंबडीकडेही नाही. व्यंकीजनं क्लब घेतला तेव्हा त्या संघात असलेल्या एका खेळाडूकडे गेलं. नाव किथ अँड्र्यूज. आयर्लंडचा मिडफिल्डर. फार गाजलेलं नाव नाही. आपल्याकडच्या पोरांच्या भिंतीवर त्याचं पोस्टर तुम्हाला दिसणार नाही. पण ज्या घरात एखादं मूल कशात तरी मागे पडून परत आलंय, त्या घरातल्या आईनं याची गोष्ट जरूर ऐकावी.

मधल्या फळीतला माणूस

आधी मिडफिल्डर म्हणजे काय ते बघू. मैदानात अकरा जण असतात. एक गोलरक्षक, त्याच्या पुढे बचाव करणारे, सगळ्यांत पुढे गोल करणारे. आणि या दोघांच्या मध्ये असतात ते मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतले. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा, पुढच्यांपर्यंत पोहोचवायचा. समोरच्यानं हल्ला केला की मागे धावायचं, आपला हल्ला असेल तर पुढे धावायचं. नव्वद मिनिटांत हा माणूस दहा-बारा किलोमीटर सहज पळतो. म्हणजे शिरूरहून निघून रांजणगावच्या गणपतीच्या वाटेवर निम्म्याहून जास्त अंतर! आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो छापून येतो तो गोल करणाऱ्याचा.

हे वाचून तुमच्यातल्या कित्येकजणी हसल्या असतील. घरातली सून, मधली जाऊ, आई, सगळ्यांचं काम या मधल्या फळीसारखंच. सकाळपासून रात्रीपर्यंत इकडचं तिकडे पोहोचवत राहायचं. ती आजारी पडली की मग कळतं काय काय अडलं ते. तर असा हा न दिसणाऱ्या कामाचा खेळाडू.

डब्लिनचा पोरगा

किथचा जन्म १३ सप्टेंबर १९८० चा, आयर्लंडची राजधानी डब्लिनचा. आयर्लंड हा इंग्लंडच्या शेजारचा छोटा देश. अख्ख्या देशाची वस्ती ५० लाखांच्या थोडी वर. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९४ लाख होती, यावरून अंदाज करा. तिथं फुटबॉल खेळून पोट भरायचं म्हटलं की पोरांना इंग्लंड गाठावं लागतं. कित्येक वर्षं ही मुलं पंधराव्या-सोळाव्या वर्षीच घर सोडून जात. परक्या गावात राहायचं, परक्याच्या हातचं खायचं, दिवसभर सराव करायचा आणि रात्री उशी ओली करायची. त्यातली बरीचशी दोन-चार वर्षांत "तुझं काही जमणार नाही" हे शब्द ऐकून परत यायची. ना धड शिक्षण, ना खेळ. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून, म्हणजे २०२१ पासून, आयर्लंडच्या मुलांना १८ पूर्ण झाल्याशिवाय इंग्लंडच्या क्लबांत जाता येत नाही. तिथल्या आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, असं मला उगीचच वाटतं.

किथ मात्र जुन्या रिवाजाप्रमाणे गेला. १९९७ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स, ज्याला सगळे वुल्व्हज म्हणतात, त्या क्लबात तो शिकाऊ म्हणून दाखल झाला. २००० मध्ये पहिल्या संघाकडून खेळला. सुरुवात चांगली होती. वाटलं, आता हा पोरगा वर जाणार. पण मोठ्या क्लबात जागा टिकवणं म्हणजे सणासुदीला एसटीत जागा धरण्यासारखं, जरा उठलात की दुसरं कुणी तरी बसलंच. फुटबॉलमध्ये एक पद्धत आहे. क्लबाला खेळाडू नको असेल, पण सोडायचाही नसेल, तर त्याला दुसऱ्या क्लबाला उसना देतात. आपण शेजारणीला पाटा-वरवंटा देतो ना, तसा. किथला आधी ऑक्सफर्डला उसना पाठवला. पुढे वुल्व्हज संघ मोठ्या मुश्किलीनं सर्वोच्च श्रेणीत चढला. ज्या दिवसाची सगळे वाट बघत होते तो २००३-०४ चा हंगाम आला, आणि त्याच हंगामात किथला स्टोक आणि वॉल्सॉल या क्लबांकडे उसनं धाडलं. घरात लग्नाचा मांडव पडावा आणि नेमकं आपल्याला परगावी पाठवावं, तसं झालं.

२००५ मध्ये वुल्व्हजशी नातं संपलं. आठ वर्षं एका क्लबात काढून तो बाहेर पडला. पुढचं एक वर्ष हल सिटीत गेलं. तिथंही बस्तान बसलं नाही.

गाडी उलटी निघाली

ऑगस्ट २००६ मध्ये किथनं मिल्टन कीन्स डॉन्स या क्लबात नाव घातलं. हा क्लब तेव्हा 'लीग टू'मध्ये होता. नाव ऐकून वाटतं दुसरी श्रेणी असेल. पण नाही, ही इंग्लंडमधली चौथी श्रेणी, फुटबॉल लीगची अगदी शेवटची पायरी. खेळाडूचं वय २५ संपत आलेलं. फुटबॉलमध्ये हे वय ऐन उमेदीचं, आणि हा तर खाली खाली चाललेला. ओळखीपाळखीच्या लोकांनी काय म्हटलं असेल, ते आपल्याला सांगायला नको. माणसं सगळीकडे सारखीच.

इथं मला दौंड स्टेशन आठवतं. नगर-मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीनं तुम्ही पूर्वी प्रवास केला असेल, तर दौंडला काय व्हायचं ते ठाऊक असेल. गाडी थांबायची, पुढचं इंजिन काढायचे आणि मागे नेऊन लावायचे. मग गाडी ज्या दिशेनं आली त्याच दिशेनं निघाल्यासारखी वाटायची. नवखा माणूस घाबरून शेजारच्याला विचारायचा, "अहो, ही परत चालली की काय?" आणि नेहमीचा प्रवासी शेंगदाणे खात सांगायचा, "बसा हो, पुण्यालाच चाललीय." आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्यांना ती कसरत करावी लागत नाही. पण ज्यांनी तो प्रवास केलाय, त्यांच्या मनात ते पक्कं बसलंय. दौंडला गाडी उलटी निघते, पण म्हणून ती मुक्कामाला पोहोचत नाही असं नाही.

किथचं मिल्टन कीन्स हे दौंड होतं म्हणा ना! चौथ्या श्रेणीत त्याला मोठ्या क्लबात कधी नीट न मिळालेली गोष्ट मिळाली. दर आठवड्याला खेळायला मिळालं. तो कर्णधार झाला. पहिल्या वर्षी संघाची वर चढायची संधी अगदी तोंडाशी येऊन हुकली. दुसऱ्या वर्षी पॉल इन्स हा इंग्लंडचा एकेकाळचा नावाजलेला मिडफिल्डर प्रशिक्षक म्हणून आला आणि मग मात्र गाडीनं वेग घेतला. ३० मार्च २००८ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर खालच्या श्रेणीतल्या क्लबांच्या करंडकाची अंतिम लढत होती. किथनं पेनल्टीवर गोल केला, संघ २-० नं जिंकला आणि कर्णधार म्हणून करंडक त्यानं उचलला. त्याच हंगामात संघानं लीग टू जिंकून वरची श्रेणीही गाठली.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तो खाली गेला तेव्हा "मी काय इथला आहे का" असं तोंड करून बसला असता, तर तिथंच संपला असता. छोट्या जागेचं काम त्यानं मोठ्या जागेसारखं केलं.

अठ्ठाविसाव्या वर्षी

२००८ च्या उन्हाळ्यात पॉल इन्सला ब्लॅकबर्न रोव्हर्सनं प्रशिक्षक म्हणून बोलावलं. सर्वोच्च श्रेणीतला क्लब! आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला इन्सनं आपल्या जुन्या कर्णधाराला तिकडे ओढून घेतलं. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या पायरीवर असलेला माणूस आता जगातल्या सगळ्यांत श्रीमंत लीगमध्ये खेळणार होता. त्याचा अठ्ठाविसावा वाढदिवस काही दिवसांवर आला होता.

दोनच महिन्यांत देशाच्या संघाचंही बोलावणं आलं. १९ नोव्हेंबर २००८, डब्लिनमध्ये पोलंडविरुद्ध सामना. किथ बदली खेळाडू म्हणून उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्यानं गोल केला. आयर्लंड तो सामना २-३ असा हरलं. पण विचार करा, आपलंच गाव, स्वतःच्या माणसांसमोर, २८ व्या वर्षी देशाची जर्सी. बरोबरीची मुलं विशी-एकविशीत जिथं पोहोचतात, तिथं हा सात-आठ वर्षं उशिरा पोहोचला. पण पोहोचला.

हुर्यो आणि हुंदका

आता सगळं गोड गोड झालं असं मात्र समजू नका. ब्लॅकबर्नमध्ये इन्सची नोकरी डिसेंबर २००८ मध्येच गेली. ज्याच्या भरवशावर आलो तोच निघून गेला की नव्या घरात सुनेचे जे हाल होतात, ते किथनं भोगले. चौथ्या श्रेणीतून आलेला, जुन्या प्रशिक्षकाचा माणूस, असा शिक्का बसला. संघ हरला की घरच्या मैदानावरच काही प्रेक्षक त्याची हुर्यो उडवायचे. हजारो माणसांच्या तोंडून आपल्या नावानं निघणारा तो आवाज ऐकत चेंडू मागायचा आणि धावायचं. नवा प्रशिक्षक सॅम अॅलर्डाइस यानंही त्याला खेळवलं, हे विसरून चालणार नाही.

देशाकडून खेळतानाही एक घाव बसला. १८ नोव्हेंबर २००९, पॅरिस. विश्वचषकात जाण्यासाठी आयर्लंड आणि फ्रान्स यांच्यात निर्णायक सामना. आयर्लंड तोडीस तोड खेळत होतं, मधल्या फळीत किथ पाय रोवून उभा होता. जादा वेळेत फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीनं चेंडू सरळ सरळ हातानं अडवला, पुढे दिला, गोल झाला. जगभर टीव्हीवर लोकांनी बघितलं, एका पंचाला तेवढं दिसलं नाही. आयर्लंडचा विश्वचषक हुकला. अन्याय डोळ्यांदेखत होतो आणि दाद कुठं मागायची हे कळत नाही, हा अनुभव आपल्यालाही अधूनमधून येतोच की.

पुढच्या वर्षी व्यंकीजनं क्लब घेतला. महिन्याभरात अॅलर्डाइसला काढलं. क्लबात गोंधळ सुरू झाला. त्या हंगामात किथला फार कमी सामने मिळाले आणि ऑगस्ट २०११ मध्ये त्याला इप्सविचला उसनं दिलं. पुन्हा उसना! ऑक्टोबर २०११ मध्ये ब्लॅकबर्नचा संघ पुण्यात आला होता, बालेवाडीच्या स्टेडियमवर पुणे एफसीबरोबर मैत्रीचा सामना खेळला. आमच्या मुलानं त्याचं कात्रण कितीतरी दिवस कपाटाच्या दाराला चिकटवलं होतं. पण त्या संघात किथ नव्हता. तो तिकडे खालच्या श्रेणीत इप्सविचकडून खेळत होता आणि गंमत म्हणजे अर्ध्या हंगामात त्यानं नऊ गोल केले. मधल्या फळीतल्या माणसाला हे फार झाले.

आणि मग दिवस पालटले. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियाविरुद्ध पहिला गोल किथनं डोक्यानं मारला, आयर्लंड ४-० नं जिंकलं आणि १९८८ नंतर प्रथमच युरो स्पर्धेचं दार उघडलं. जानेवारी २०१२ मध्ये तो पुन्हा सर्वोच्च श्रेणीत, वेस्ट ब्रॉमविच अल्बियनमध्ये आला. १२ फेब्रुवारीला त्यांचा सामना वुल्व्हजशी होता, म्हणजे ज्या क्लबानं आठ वर्षं ठेवून सोडलं, त्यांच्याच मैदानावर. वेस्ट ब्रॉमनं ५-१ नं धुव्वा उडवला आणि चौथा गोल होता किथचा. माहेरी अपमान झालेली लेक चारचौघांत मानानं परत यावी, तसंच ते!

आणि ज्या ७ मे २०१२ ला ब्लॅकबर्नच्या मैदानात कोंबडी धावली, त्या दिवशी आपला हा मिडफिल्डर दुसऱ्या संघाकडून त्याच सर्वोच्च श्रेणीत टिकून होता. महिन्याभरात तो युरो स्पर्धेत उतरला. स्पर्धेत आयर्लंडची धूळधाण झाली. तिन्ही सामने हरले, स्पेनकडून तर ४-० नं. शेवटच्या इटलीविरुद्धच्या सामन्यात किथला लाल कार्ड मिळून बाहेर जावं लागलं. स्पेनकडून हरत असताना आयर्लंडचे हजारो पाठीराखे शेवटपर्यंत उभं राहून गाणं म्हणत राहिले होते. हरणाऱ्यासाठी गाणारी माणसं मी तरी पहिल्यांदाच ऐकली. २०१२ या वर्षासाठी देशाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती किथ अँड्र्यूजचीच. ३५ सामने तो देशाकडून खेळला. २०१५ मध्ये त्यानं बूट काढून ठेवले, आणि शेवटचे सामने कुठल्या क्लबाकडून खेळला? मिल्टन कीन्स डॉन्स. जिथं गाडी उलटी लागली होती, तिथंच.

त्याच जर्सीतल्या मुली

आपली ही पुरवणी बायकांची, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आयर्लंडच्या पुरुष संघाचं एवढं कौतुक होत असताना त्याच देशाच्या महिला खेळाडूंचं काय चाललं होतं? एप्रिल २०१७ मध्ये त्या एकत्र येऊन पत्रकारांसमोर बसल्या आणि त्यांनी सांगितलं, आम्हाला दुसऱ्या संघांचे वापरलेले ट्रॅकसूट घालावे लागतात, आणि ते परत करायचे म्हणून विमानतळाच्या स्वच्छतागृहात कपडे बदलावे लागतात. देशाकडून खेळणाऱ्या मुली! त्या अडून बसल्या, म्हणूनच पुढची दारं उघडली. ऑगस्ट २०२१ मध्ये पुरुष आणि महिला संघाला सामन्याचं सारखंच मानधन द्यायचं ठरलं. त्यासाठी पुरुष खेळाडूंनी आपल्या मानधनातला काही भाग सोडला. त्या वेळी पुरुष संघाच्या सहायक प्रशिक्षकांत किथ अँड्र्यूज होता. २०२३ मध्ये या मुली पहिल्यांदाच विश्वचषकात खेळल्या. भावानं आपल्या ताटातलं थोडं बहिणीच्या ताटात वाढलं की घर बुडत नाही, हे त्या छोट्या देशानं दाखवून दिलं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी

खेळणं संपल्यावर किथ शिकवण्याकडे वळला. मिल्टन कीन्सला, मग आयर्लंडच्या २१ वर्षांखालील संघाबरोबर, २०२० पासून तीन वर्षं मुख्य संघाबरोबर. कुठंही तो पहिल्या खुर्चीत नव्हता, कायम सहायक. २०२४ मध्ये लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबानं त्याला एका अगदी बारीक कामासाठी घेतलं. कॉर्नर, फ्री किक, सामन्याची सुरुवात, असे थांबलेल्या चेंडूपासून सुरू होणारे डाव बसवायचे. काम छोटं, पण गडी मन लावून करणारा. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रेंटफर्डनं सलग तीन सामन्यांत पहिल्या मिनिटाच्या आत गोल केला. २२ सेकंद, २३ सेकंद आणि ३७ सेकंद! सगळे चकित.

जून २०२५ मध्ये त्यांचा मुख्य प्रशिक्षक थॉमस फ्रँक दुसऱ्या क्लबात गेला आणि ब्रेंटफर्डनं त्याच्या जागी किथ अँड्र्यूजला बसवलं. वय ४४. मुख्य प्रशिक्षकाचा अनुभव शून्य. क्लबाचा कर्णधार आणि सगळ्यांत जास्त गोल करणारे दोघं त्याच उन्हाळ्यात दुसरीकडे गेलेले. जाणकारांनी भाकीत केलं, हा संघ आता घसरणार. पहिला सामना ३-१ नं हरलेही. पण सप्टेंबरमध्ये त्यांनी मँचेस्टर युनायटेडला ३-१ नं आणि ऑक्टोबरमध्ये गतविजेत्या लिव्हरपूलला ३-२ नं हरवलं. भाकीत करणारे नवीन भाकिताच्या तयारीला लागले.

त्याच उन्हाळ्यात आपल्याकडेही असंच घडलं, तेही लक्षात ठेवण्यासारखं. मुंबईत महिंद्र युनायटेड, एअर इंडिया अशा संघांतून खेळलेला मिडफिल्डर खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २०१७ मध्ये मिझोरामच्या छोट्याशा ऐझॉल संघाला त्यानं देशाची आय-लीग जिंकून दिली होती. त्याचाही रस्ता सरळ नव्हता. भारताला मध्य आशियातल्या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळाला, आणि महिन्याभरात मडगावला सिंगापूरकडून हार खाऊन आशिया चषकाची वाट बंद झाली. मधल्या फळीतल्या माणसांना चढ-उतार काही चुकत नाहीत.

आपल्या घरातला पोर

एवढं सगळं सांगायचं कारण असं. बचत गटांच्या कामानिमित्त शिरूर-दौंडच्या गावांत माझं जाणं-येणं असतं. गटातल्या एका ताईंचा मुलगा फुटबॉलसाठी लांबच्या एका निवासी केंद्रात निवडला गेला होता. गावानं फ्लेक्स लावला, पेढे वाटले. दोन वर्षांनी त्याला परत पाठवलं. कारण एवढंच की उंची पुरेशी वाढली नाही. पोरगं घराबाहेर पडेना. वडील बोलेनात. पाहुणे मात्र मुद्दाम विचारायचे, "काय रे, परत आला?" त्या माउलीनं मला विचारलं, "ताई, आता याचं काय करायचं?" जणू मूल नाही, न विकलेला लॉट आहे!

मी त्यांना किथ अँड्र्यूजची गोष्ट सांगितली. त्याच वेळी हेही सांगितलं की प्रत्येक परत आलेला मुलगा पुन्हा वर जात नाही. आयर्लंडमध्येही नाही आणि आपल्याकडे तर नाहीच. खोटी आशा दाखवणं हाही एक प्रकारचा छळच. पण खेळात माणूस जे शिकतो, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. त्याचा उपयोग कुठं होईल हे बघायचं असतं. लहान मुलांना शिकवायचं असेल, तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा सुरुवातीचा डी-लायसन्सचा कोर्स आहे. पंच होण्यासाठी परीक्षा असतात. शारीरिक शिक्षणाची पदवी आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांचं रीतसर शिक्षण मिळतं. ठरावीक पातळीवर खेळून मिळवलेलं प्रमाणपत्र असेल, तर राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. म्हणून आयांना माझं एक सांगणं. मुलांची प्रमाणपत्रं जपून ठेवा, पेटीत तळाशी नाही, फाइलमध्ये. आणि शाळा सुटू देऊ नका. खेळ आणि पुस्तक दोन्ही हातांत हवं.

तो मुलगा आता संध्याकाळी गावातल्या शाळेच्या मैदानावर बारकी पोरं गोळा करतो. त्यात सहा मुलीही आहेत. पहिल्या दिवशी एकच आली होती, तिची आजी बांधावर बसून पहारा करत होती. आता आजी पहाऱ्याला नाही, खेळ बघायला येते, आणि कोण चुकलं तेही सांगते.

मुलगी वयात आली, दहावी जवळ आली, की पहिला बंद होतो तो तिचा खेळ. मुलगा एकदा हरला की पहिली बंद होते ती त्याची उमेद. दोन्ही बंद करणारे हात बहुधा घरातलेच असतात, आणि दोन्ही पुन्हा सुरू करणारेही. मैत्रिणींनो, तुमच्या घरात असं एखादं परत आलेलं पोर असेल, तर आज त्याला जेवायला वाढताना "आता पुढं काय?" असं विचारू नका. "आज खेळलास का?" एवढंच विचारा. उत्तर आलं नाही, तर उद्या पुन्हा विचारा.